चाकांवरच्या घराची पडवी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. फार तर एखादं यंत्र, एखादा शोध. दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद कापडाच्या तुकड्यालाही इतिहास असतो, असं कुणी म्हटलं तर आपल्याला हसू येईल. आज मला अशाच एका तुकड्याविषयी बोलायचं आहे.

अमेरिकेत मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची छोटी घरं असतात. त्यांना तिकडे 'ट्रॅव्हल ट्रेलर' म्हणतात. आत दोन-चार माणसांपुरती झोपायची सोय, एक छोटी शेगडी, एक टेबल. सुट्टीत हे घर मोटारीला जोडायचं, तळ्याकाठी किंवा रानात नेऊन उभं करायचं आणि चार दिवस तिथे राहायचं. मुक्काम पडला की घराच्या दारावर एक कापडी छत ताणून बांधतात. त्याचा एक काठ घराला, दुसरा दोन काठ्यांवर, आणि काठ्या दोऱ्यांनी जमिनीतल्या खुंट्यांना आवळलेल्या. इंग्रजीत त्याला 'ऑनिंग' म्हणतात. कोकणातला माणूस ते पाहिल्याबरोबर पडवी म्हणेल, म्हणून मीही पडवीच म्हणणार आहे.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि घरी शिवणयंत्र चालवलं. या दोन कामांची कधी गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. मुलीकडे मिशिगन राज्यात काही महिने राहायला गेले तेव्हा ती पडली. शेजारच्या जोडप्यानं १९५० च्या दशकातला एक जुना ट्रेलर दुरुस्तीला काढला होता. पत्रा बसला, आतलं लाकूडकाम झालं, रंग झाला. पडवी तेवढी राहिली होती. जुन्या मापाची आणि जुन्या रूपाची पडवी बाजारात सहज मिळत नाही, कारागिराकडून शिवून घ्यायची तर बरेच पैसे पडतात. म्हणून त्यांनी गॅरेजमध्येच शिवणयंत्र मांडलं आणि मी त्यांच्या मदतीला बसले. काम तीन दिवस चाललं. कापड, शिवण, दोर असा एकेक भाग हातात आला आणि प्रत्येकाच्या मागे काही ना काही इतिहास निघत गेला.

पहिल्यांदा कापड. अशा पडवीला जे जाड, घट्ट विणीचं सुती कापड वापरतात त्याला तिकडे 'डक' म्हणतात. बदकाशी त्याचा काही संबंध नाही. डच भाषेत 'डूक' म्हणजे कापड. डच खलाशांचं ते शिडाचं कापड इंग्रजीत येऊन 'डक' झालं. 'कॅनव्हास' हा शब्द तर भांगेच्या झाडाच्या लॅटिन नावावरून आला, कारण पूर्वी शिडाचं कापड त्या झाडाच्या धाग्याचं असे. याच कुळातला आणखी एक शब्द आपल्या घरचा आहे. मुंबईच्या डोंगरी भागातून परदेशी जहाजं जाडंभरडं सुती कापड विकत नेत. ते 'डंगरी' म्हणून सतराव्या शतकापासून इंग्रजीत रुळलं. त्याचे तंबू झाले, शिडं झाली, खलाशांचे कपडे झाले. आज लहान मुलांना आपण डंगरी घालतो तेव्हा डोंगरीचं नाव घेतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

सगळे धागे शिडाकडे जातात ते उगाच नाही. अमेरिकेतल्या पहिल्या इंग्रज पडवीचा उल्लेख सापडतो तोही शिडाचाच. १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन ही वसाहत उभी राहत होती. तिथे प्रार्थनेला छप्पर नव्हतं. तेव्हा वसाहतवाल्यांनी एक जुनं शीड तीन-चार झाडांना बांधलं आणि त्याच्या सावलीत प्रार्थना सुरू केली. कॅप्टन जॉन स्मिथ यानं ही हकिगत लिहून ठेवली आहे. 'ऑनिंग' या इंग्रजी शब्दाचा आज माहीत असलेला सर्वांत जुना वापरही याच स्मिथच्या लेखनात, १६२४ साली, सापडतो. म्हणजे समुद्र ओलांडून आलेली माणसं जमिनीवर उतरली तेव्हा त्यांच्या डोक्यावर पहिली सावली जहाजाच्या कापडाची होती.

आता शिवणीकडे येऊ. आमच्या पडवीची लांबी दहा फूट आणि कापडाचा पन्हा साठ इंच. दोन पन्हे जोडले तर दुमडीला कापड उरत नाही, म्हणून तीन तुकडे जोडायचे. जोड कसा द्यायचा हा खरा प्रश्न. साधी टीप मारली तर त्या फटीतून पाणी झिरपतं आणि वाऱ्याच्या पहिल्या झटक्याला शिवण उसवते. म्हणून दोन्ही काठ एकमेकांत अडकवून दुमडायचे आणि वरून दुहेरी टीप मारायची. तुमच्या जीन्सच्या पायावर दोन समांतर टिपा दिसतात ना, तीच ही शिवण. शिवणी घराकडून पुढच्या उताराकडे धावल्या पाहिजेत, आडव्या नाहीत. आडव्या आल्या तर उतरणारं पाणी प्रत्येक शिवणीच्या काठाशी थबकतं. धागाही पाहून घ्यावा लागतो. नायलॉनचा धागा उन्हानं लवकर कमजोर होतो, म्हणून पॉलिएस्टरचा. त्यावर सुताचं वेष्टण असेल तर अधिक बरं, कारण ओलं झालं की सूत फुगतं आणि सुईनं पाडलेलं भोक बुजतं. सुई सोळा किंवा अठरा नंबरची. कोपऱ्यात सहा-आठ पदर एकावर एक येतात, तिथे घरगुती यंत्र अडतं. मग मोटर बंद करून हातानं चाक फिरवत एकेक टाका घ्यायचा.

हे आम्ही यंत्रावर करत होतो. पण या शिवणीचा इतिहास यंत्राच्या आधीचा आहे. १८४० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातून हजारो कुटुंबं पश्चिमेला ऑरेगॉनकडे निघाली. रस्ता साधारण दोन हजार मैलांचा, बैलगाडीनं पाच-सहा महिन्यांचा. गाडीवर लाकडी कमानी आणि कमानींवर कापडी आच्छादन. गवताळ माळावरून जाताना या गाड्या लांबून शिडाच्या जहाजांसारख्या दिसत, म्हणून त्यांना 'प्रेअरी स्कूनर' हे जहाजाचंच नाव पडलं. हे आच्छादन म्हणजेच गाडीचं छप्पर. ते फाटलं तर पीठ भिजणार, अंथरूण भिजणार, आजारी मूल भिजणार.

हे छप्पर शिवत कोण? बहुतेक घरांत बायका. आयोवातल्या किटुरा बेल्कनॅप या बाईनं आपल्या तयारीच्या नोंदी लिहून ठेवल्या, म्हणून आपल्याला ते कळतं. १८४८ च्या वसंतात त्यांना निघायचं होतं. तिनं आदल्या वर्षीच कामाला हात घातला. संध्याकाळी नवरा मोठ्यानं वाचत बसे आणि ती सूत काती. गाडीला तिनं दुहेरी आच्छादन केलं. आत मलमलीचं, त्यावर मजबुतीसाठी जाड लिननचं. शिवायचा धागासुद्धा तिचाच कातलेला, आणि त्या लांबच लांब शिवणी तिनं हातानं घातल्या. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा. असं कापड पाण्याला दाद देऊ नये म्हणून त्याला जवसाचंच तेल चोपडण्याची रीत होती. धागा आणि तेल दोन्ही एकाच झाडाचं!

इथे एक सनावळी मुद्दाम सांगते. एलायस हाउ यानं शिवणयंत्राचं पेटंट घेतलं ते १८४६ साली. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. आमच्या पाठ्यपुस्तकांत ही दोन नावं होती, मीही ती वर्गात घोकून घेतली. बरोबर याच दोन वर्षांच्या मध्ये आयोवातली एक बाई दोन हजार मैल टिकणारं छप्पर बोटांनी शिवत होती. तिचं नाव पाठ्यपुस्तकात नव्हतं.

पुढे बैल गेले, रेल्वे आली आणि मग मोटार आली. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिची किंमत तीनशे डॉलरच्या खाली उतरली. शाळामास्तर, शेतकरी, दुकानदार मोटार घेऊन फिरायला निघाले. हॉटेलला पैसे कुठून आणणार? मग मोटारीच्या टपाला कापड बांधायचं, दुसरी बाजू जमिनीत खुंटीला आवळायची, की झाला तंबू. १९१९ साली फ्लोरिडात टँपा इथे अशा प्रवाशांनी आपली संघटना काढली, 'टिन कॅन टूरिस्ट्स'. डबाबंद अन्न खाणारे प्रवासी! ओळख म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा लावायचा.

मग कापडाची उचलबांगडी झाली. १९२९ साली डेट्रॉइटचे आर्थर शेर्मन नावाचे जंतुशास्त्रज्ञ कुटुंबासह सुट्टीवर निघाले. बरोबर एक विकत घेतलेला तंबूचा ट्रेलर होता. काही मिनिटांत उभा राहतो, अशी त्याची जाहिरात. पाऊस आला, तंबू काही उभा राहीना आणि मंडळी भिजली. शेर्मननी घरी येऊन ठरवलं की कापड नकोच. त्यांनी टणक भिंतींची एक पेटी चाकांवर करवून घेतली. मुलांनी तिला गमतीनं 'कव्हर्ड वॅगन' म्हटलं, म्हणजे छपराची बैलगाडी. १९३० च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली आणि मागणी सुरू झाली. १९३६ पर्यंत कव्हर्ड वॅगन ही देशातली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली. नाव किटुराबाईंच्या गाडीचं, पण कापड वजा करून!

आता गंमत बघा. कापड घालवण्यासाठी ही पेटी जन्माला आली आणि त्याच पेटीच्या दाराशी कापड पुन्हा येऊन उभं राहिलं. का? सहा फुटांच्या बंद पेटीत उन्हाळ्याच्या दुपारी बसून बघा म्हणजे कळेल. पत्रा तापतो, शेगडीची वाफ कोंडते, मुलं एकमेकांच्या अंगावर येतात. पेटी झोपायला चांगली, पण राहायला बाहेरच यावं लागतं. आणि दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. दार लावून आत बसलेल्या माणसाकडे कुणी जात नाही. दारात सावली असली, दोन खुर्च्या मांडलेल्या असल्या की जाणारा-येणारा थांबतो, पाणी मागतो, चार शब्द बोलतो. आपल्या पडवीचं, ओसरीचं काम हेच ना?

म्हणून मला वाटतं की या चाकांवरच्या घराचा खरा इतिहास त्याच्या पत्र्यात नाही, त्याच्या पडवीत आहे. या सावलीत कोण बसलं, कुणाला बसू दिलं नाही आणि ती कुणी शिवली, हे विचारलं की त्या देशाचा एक वेगळाच इतिहास दिसतो.

१९३६ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी जानेवारीत एअरस्ट्रीम कंपनीनं चकचकीत अॅल्युमिनियमचा 'क्लिपर' ट्रेलर आणला. किंमत बाराशे डॉलर. कंपनीचे संस्थापक वॉली बायम यांनी आधी घरच्या घरी ट्रेलर कसा बांधावा याचे आराखडे विकले होते. हौशी लोक ते मागवून परसात ठोकाठोकी करत. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात निपोमो इथे वाटाण्याची तोडणी करायला आलेल्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाई पोचल्या. थंडीनं पीक गेलं होतं, कामं नव्हती. लँगबाईंनी तिथे एका मजूर आईचं आणि तिच्या लेकरांचं छायाचित्र घेतलं. जगभर गाजलेलं ते 'मायग्रंट मदर'. आपल्याला त्यातला आईचा चिंतातुर चेहरा आठवतो. पण लँगबाईंनी तिथेच काढलेली इतर छायाचित्रं पाहिली तर कळतं की ती आई काठीवर ताणलेल्या एका उघड्या, कळकट कापडाखाली बसली आहे. सुट्टीवर आलेल्याची पडवी आणि उपाशी मजुराचं घर, दोन्ही एकाच कापडाची. फरक एवढाच की एकीच्या मागे बाराशे डॉलरची भिंत होती आणि दुसरीच्या मागे काहीच नव्हतं.

याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्यानं एक मार्गदर्शिका छापायला सुरुवात केली. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे जेवायला मिळेल, कुठे राहू देतील, त्यांचे पत्ते त्यात असत. 'ग्रीन बुक' या नावानं ती ओळखली जाते. मोकळ्या रानातसुद्धा सावली वाटलेली होती. व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुइस माउंटन हा मुक्कामाचा तळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळा उघडला गेला. त्या उद्यानातली ही वेगळी मांडणी पूर्णपणे संपायला १९५० साल उजाडलं. झाडं तीच, डोंगर तोच, पण पडवी कुठे बांधायची हे कातडीचा रंग पाहून ठरत होतं. आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी हे ऐकून फार नवल करू नये. कुणी कुणाच्या ओसरीवर चढायचं, याचे नियम आपल्याही गावांत होतेच.

दुसरं महायुद्ध आलं. कारखान्यांच्या गावी कामगारांची रीघ लागली आणि सरकारनं त्यांच्यासाठी हजारो ट्रेलर विकत घेतले. ज्या ओक रिजमध्ये अणुबाँबसाठी युरेनियम तयार होत होतं, तिथेही कामगारांची कुटुंबं ट्रेलरमध्ये राहिली. सहलीची पेटी पुन्हा घर झाली. युद्ध संपलं, १९५६ साली महामार्गांचा मोठा कायदा झाला आणि सुट्टीचा प्रवास फोफावला. आम्ही ज्याची पडवी शिवत होतो तो ट्रेलर याच काळातला.

त्याच्या दारावर अॅल्युमिनियमची एक अरुंद खाच होती. पडवीच्या मागच्या काठाला कापडाची नळी शिवायची, नळीत दोर घालायचा आणि तो दोर खाचेच्या एका टोकातून आत सरकवत न्यायचा. मग पडवी घराला चिकटते, मधून पाणी गळत नाही. ही युक्ती मला फार आवडली. पण तीही शिडाचीच. शिडाच्या काठाला दोर शिवून तो डोलकाठीच्या खाचेत सरकवतात, अगदी तसंच. जेम्सटाउनच्या झाडांना बांधलेलं शीड साडेतीनशे वर्षांनी ट्रेलरच्या दारात आपल्या दोरासकट हजर!

त्या काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. १९६१ साली ग्लेन रेव्हन कंपनीनं अॅक्रिलिकचं 'सनब्रेला' हे कापड आणलं. त्यात रंग धाग्याच्या पोटातच असतो, त्यामुळे उन्हानं चटकन उडत नाही, आणि सुती कापडासारखी बुरशीही सहज धरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीला गुंडाळी करता येणारी पडवी आली. ओढली की उलगडते, सोडली की स्प्रिंगवर गुंडाळली जाते. काठ्या, तणावे, खुंट्या यांचं काम कमी झालं आणि घरी पडवी शिवण्याची गरजही ओसरली.

याच दशकात हे ट्रेलर आपल्या देशातूनही गेले. १९६३-६४ मध्ये एअरस्ट्रीमच्या मालकांचा एक तांडा सिंगापूरहून निघाला आणि भारत, अफगाणिस्तान असं करत पार लिस्बनपर्यंत गेला. आपल्या रस्त्यांवरच्या बैलगाड्यांनी या चंदेरी बैलगाड्यांना वाट दिली असेल तेव्हा कोण कुणाकडे अधिक नवलानं पाहत होतं, कोण जाणे!

मग जुनं ते पुन्हा आवडू लागलं. बंद पडलेली 'टिन कॅन टूरिस्ट्स' संघटना १९९८ साली जुन्या ट्रेलरच्या हौशी मंडळींनी पुन्हा सुरू केली. परसात, गोठ्यात सडत पडलेले ट्रेलर लोक शोधून काढू लागले. पत्रा मिळतो, चाकं मिळतात, कधी शेगडीसुद्धा मिळते. पडवी मात्र क्वचितच मिळते. सुती कापड ओलसर घडी करून ठेवलं की कुजतं. त्यामुळे जुनं घर ज्याला नीट उभं करायचं आहे, त्याला पडवी नव्यानं शिवावीच लागते. घर विकत मिळतं, पण त्याचा दारातला भाग करण्यासाठी शिवण यावी लागते.

आणि इथेच माझ्यातली इतिहासाची शिक्षिका थोडी अस्वस्थ होते. ट्रेलर कुणी काढला, कारखाना कुणी घातला, पेटंट कुणी घेतलं, हे सारं नोंदलेलं आहे. इंडियाना राज्यात एल्कहार्ट इथे या वाहनांचं संग्रहालयही आहे. पण जुन्या छायाचित्रांत दारोदारी दिसणाऱ्या घरगुती पडव्या, त्यांची झालर, झालरीला लावलेला रंगीत गोट, हे कुणाच्या हातचं? फोटोच्या मागे ट्रेलरचं मॉडेल लिहिलेलं असतं, गावाचं नाव असतं. शिवणारणीचं नाव नसतं. किटुरा बेल्कनॅप आपल्याला माहीत आहे ती छप्पर शिवलं म्हणून नाही, तर लिहिलं म्हणून. तिच्याबरोबर शेकडो गाड्या गेल्या. त्यांची छपरंही कुणीतरी शिवलीच होती.

टिकणाऱ्या वस्तूंचा इतिहास आपोआप लिहिला जातो. दगड राहतो, लोखंड राहतं, कागदसुद्धा जपून ठेवला तर राहतो. कापड विरतं, आणि ते शिवणाऱ्या हातांची आठवणही त्याच्याबरोबर विरते. हे अमेरिकेतच घडतं असं नाही. आपल्या घरात आईनं, आजीनं शिवलेली गोधडी असेल, झबलं असेल, पावसाळ्यात खिडकीवर बांधायचा पडदा असेल. ते विरण्याआधी एका चिठ्ठीवर तिचं नाव, गाव आणि साल लिहा आणि घडीत ठेवून द्या. माझ्या वर्गात मी मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. आता एवढी एक सनावळी तुम्ही स्वतः लिहा, अशी माझी विनंती आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)